पावसाळा सरताना तळ्याचं पाणी कसं वाचावं

मुंबई परिसरातली गोराई, मनोरी, उत्तनकडची खाजणं (खाडीलगत बांध घालून केलेली खाऱ्या पाण्याची तळी) असोत की गोड्या पाण्याची मत्स्यतळी, भाद्रपद-आश्विनात पहाटे अर्धा तास बांधावर उभं राहून पाण्याकडे पाहा. वारा पडलेला असावा. वाऱ्याने उठलेल्या तरंगांत खालची हालचाल दिसत नाही. सूर्योदयाआधीची वेळ निवडण्याचं आणखी एक कारण आहे: रात्रभर मासे, शेवाळ आणि तळाचा गाळ ऑक्सिजन वापरत असतात, त्यामुळे तो सगळ्यात कमी तेव्हाच असतो.

पाच-सहा फूट खोल पाण्यात तळाशी सावकाश फिरणारा मासा वर काहीच उमटवत नाही. त्याने ढकललेलं पाणी वाटेतच शांत होतं. त्यामुळे पाणी निवांत दिसलं म्हणजे मासे कमी झाले असं समजू नका. उथळ कडेला किंवा वेगाने पळताना मात्र मागे टोकदार लाट दिसते. एखादं वलय उठून विरलं तर माशाने किडा टिपला असेल. सगळ्या तळ्यावर तोंडंच तोंडं दिसली आणि टाळी वाजवूनही मासे खाली गेले नाहीत, तर ऑक्सिजन संपत आलाय. कटला एरवीही वरच चरतो, म्हणून तळाचा मृगळ वर आलाय का ते बघा. कोळंबी दिवसाउजेडी पृष्ठभागावर किंवा बांधालगत भटकताना दिसली तर ऑक्सिजन तपासाच, शिवाय काही कोळंब्या पकडून रोगासाठीही तपासून घ्या.

अशा वेळी खाद्य लगेच बंद. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवा, नसेल तर पंपाने पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा. मीटर असेल तर ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर ठेवण्याचा प्रयत्न करा. ३ च्या खाली मासे त्रासात असतात. जाळं ओढू नका, गाळ ढवळला की उरलासुरला ऑक्सिजनही जातो.

बुडबुड्यांत फरक असतो. मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतात तेव्हा बारीक बुडबुड्यांची माळ सरकत जाते आणि मागे पाणी गढुळतं. एकाच जागी मोठे बुडबुडे येत राहिले आणि कुजक्या अंड्याचा वास आला, तर खाली खाद्य आणि गाळ सडतोय. जोराच्या सरीनंतर वरचं गार झालेलं पाणी खाली बसतं, तळाचं खराब पाणी वर येतं; मरतूक बहुधा तेव्हाच होते. खाजणात उलटा प्रकार: पावसाचं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं आणि खालच्या थराला हवा मिळू देत नाही. ओहोटीला उघाडीची (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराची) फक्त वरची फळी काढून ते गोडं पाणी सोडा.

पॅडल व्हील, म्हणजे फिरत्या पंख्यांनी पाणी उसळवणारा एरेटर, त्यासाठी ढोबळ हिशेब असा: ४०० ते ५०० किलो कोळंबीमागे १ एचपी. पंखे साधारण चार इंच बुडालेले असावेत. जास्त बुडाले की मोटारीवर ताण येतो, कमी बुडाले तर नुसते शिंतोडे. सगळे एरेटर एकाच दिशेने पाणी फिरवतील असे लावा. मग थर्माकोलचे तुकडे सोडून पाहा: ते जिथे अडकून राहतात तिथे प्रवाह मेलेला असतो. एरेटरच्या पुढे पाणी तपकिरी उसळत असेल तर तो तळ खरवडतोय, खोल जागी हलवा. रात्री दहापासून उजाडेपर्यंत चालवा, ढगाळ दिवशी दिवसाही.

चुना मात्र अंदाजाने टाकू नये. पीएच ७ च्या खाली गेला तर गुंठ्याला २ किलो शेतीचा चुना पुरे. कळीचा किंवा विरवलेला चुना संध्याकाळी पीएच चढलेला असताना टाकलात तर अमोनिया अधिक विषारी होतो.

शेवटी बांध. भाद्रपद पौर्णिमा आणि सर्वपित्री अमावास्येच्या उधाणात मुंबईची भरती साडेचार मीटरच्या आसपास चढते. भरतीला तळ्याच्या आतल्या कडेला पाणी उकळल्यासारखं उसळलं, किंवा ओहोटीला उघाडीजवळ छोटा भोवरा फिरू लागला, तर बांधातून किंवा उघाडीखालून पाणी वाट काढतंय. खेकड्याचं बीळ हे नेहमीचं कारण. बाहेर पडणारं तोंड बुजवून भागत नाही, पाणी दुसरीकडून फुटतं. खाडीकडचं तोंड ओहोटीत उघडं पडलं की बीळ खोदून मोकळं करा आणि चिकणमाती थराथराने ठोकून भरा. पुढची भरती चढताना तिथेच उभं राहून पुन्हा पाहा.