शेतात न दिसणाऱ्या मातीच्या बांधांवर संशोधन करायचंय, पैसे कुठून आणायचे?

हे बांध म्हणजे शेताच्या कडेचे बांध नव्हेत, प्राचीन लोकांनी माती रचून उभारलेल्या मोठ्या आकृत्या. पहिली अडचण ही की दाखवायला काही नसतं. दगडी भिंत नाही, मूर्ती नाही, सोनंनाणं तर नाहीच. अमेरिकेत ओहायोमधे होपवेल संस्कृतीची (तिथल्या प्राचीन मूळ रहिवाशांची) सुमारे दोन हजार वर्षं जुनी मातीची वर्तुळं आणि चौकोन आहेत, त्यातली आठ ठिकाणं २०२३ मधे युनेस्कोच्या यादीत गेली, पण बाकी कितीतरी नांगर फिरून फिरून इतकी सपाट झालीत की तिथे उभं राहिलात तरी नुसतं शेत दिसतं. अशा शेतासाठी कोणी खिशात हात का घालावा? म्हणून माझं सरळ मत, उत्खननासाठी पैसे मागायला आधी जाऊच नका, आधी चित्रासाठी मागा.

चित्राची सुरुवात फुकटात होते. यूएसजीएसचा (अमेरिकेचं सरकारी भूशास्त्र खातं) लायडार डेटा, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेले जमिनीचे उंचसखल, कोणालाही डाउनलोड करता येतो, त्यात बोटभर उरलेला उंचवटाही कधीकधी दिसतो. त्यानंतर मॅग्नेटोमीटर सर्व्हे, म्हणजे जमिनीचं चुंबकत्व यंत्राने मोजणं. बुजलेल्या खंदकातली माती, जुनी चूल, खांबांचे खड्डे यांचं चुंबकत्व आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळं असतं, त्यामुळे फावडं न लावता अख्खा आराखडा कागदावर येतो, आणि खर्च उत्खननाच्या मानाने बराच कमी. ओहायोतल्या चिलिकॉथी गावाजवळचं जंक्शन ग्रुप हे अशाच बांधांचं ठिकाण बघा. १८४८ च्या नकाशात तिथे वर्तुळं आणि चौकोन होते, २००५ च्या सर्व्हेत त्यातलं एक चक्क चार पाकळ्यांच्या फुलासारखं निघालं. २०१४ मधे ती जमीन लिलावात निघाली तेव्हा स्थानिक संस्थांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून ती वाचवली, आणि सांगायला त्यांच्याकडे हीच गोष्ट होती.

तसं हे नवीन नाही. १८८० च्या दशकात हार्वर्डच्या पीबडी म्युझियमचे फ्रेडरिक पटनम सर्पंट माउंडची (ओहायोतला सापाच्या आकाराचा मातीचा प्राचीन उंचवटा) वाईट हालत बघून बोस्टनला परतले, तिथल्या लोकांकडून, त्यातही बायकांच्या पुढाकाराने पैसे जमले आणि म्युझियमने जागा विकत घेतली. पण हे जमिनीसाठी होतं. लोक जमीन वाचवायला पटकन देतात, प्रयोगशाळेच्या बिलाला देत नाहीत, हे डोक्यात ठेवूनच बजेट करा.

बजेटमधे बहुतेक जण जिथे घसरतात ते म्हणजे खोदल्यानंतरचा खर्च. मजूर, गाडी, तंबू सगळं आठवतं, पण कार्बन डेटिंगच्या एकेका नमुन्याला काहीशे डॉलर लागतात आणि एका तारखेवर बांध कधी बांधला हे ठरत नाही, बरेच नमुने लागतात, शिवाय मातीचे थर वाचणारा भूशास्त्रज्ञ, बिया-कोळसा ओळखणारा माणूस, रिपोर्ट लिहायचा वेळ, आणि मिळालेल्या वस्तू कायमच्या ठेवायला संग्रहालयं खोक्यामागे फी घेतात ती वेगळीच. हे सगळं आधी मांडा, खोदकाम शेवटी. पैसे कमी पडले तर खड्डा छोटा करा, डेटिंग कापू नका, कारण उघडून ठेवलेला आणि ज्याचा रिपोर्ट कधीच छापला नाही असा खड्डा म्हणजे जागेची नासाडीच की.

मागायचं कोणाकडे, तर एकाच दारात बसू नका. नॅशनल सायन्स फाउंडेशनला (संशोधनाला पैसे देणारी अमेरिकी सरकारी संस्था) मोठा प्रश्न लागतो, "या बांधात काय आहे" एवढ्याने त्यांचं समाधान होत नाही, "एवढी माणसं राजाशिवाय एकत्र येऊन हे कसं उभारत होती" असं काहीतरी लागतं. वेनर-ग्रेन ही मानववंशशास्त्राला पैसे देणारी खाजगी संस्था विद्यापीठाचा ओव्हरहेड (ऑफिस, इमारत वगैरेचा वरखर्च) देत नाही, तेव्हा आपल्या ऑफिसला ते आधीच विचारून घ्या, नाहीतर अर्ज सही न होता टेबलावर पडून राहील. ओहायो हिस्ट्री फंडमधे लोकांनी टॅक्स रिफंडमधून दिलेले पैसे असतात, पण आपला वाटाही घालावा लागतो. इथेच छोट्या देणग्या कामी येतात, कारण वर्गणीतून जमलेली रक्कम "आमचा वाटा" म्हणून दाखवता येते. आणि एकट्याच्या नावावर वर्गणी घेऊ नका, ५०१(सी)(३) दर्जाची (अमेरिकी कायद्यात करमुक्त धर्मादाय) संस्था किंवा विद्यापीठ मधे असेल तरच देणाऱ्याला टॅक्सची सवलत मिळते.

अर्ज लिहायच्या आधी दोन परवानग्या. जमीनमालकाची लेखी, आणि वस्तू कोणाच्या हेही त्यातच लिहून घ्या, कारण खाजगी जमिनीवर त्या सहसा मालकाच्या असतात. दुसरं म्हणजे आदिवासी राष्ट्रांशी, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या जमातींशी बोलणं, उदा. शॉनी लोक, ज्यांना १८३० च्या दशकात ओहायोतून हाकललं आणि जे आज ओक्लाहोमात आहेत. १९९० चा नॅगप्रा कायदा (मूळ रहिवाशांच्या पूर्वजांचे अवशेष आणि वस्तू त्यांना परत देण्याबद्दलचा) आणि त्याचे २०२४ चे नवे नियम मानवी अवशेषांबाबत फार कडक आहेत, पण नियम सोडा, त्यांना बजेट ठरवतानाच बसवा आणि त्यांच्या प्रवासाचा, वेळेचा खर्च बजेटमधे धरा. काही जण अर्ज मंजूर झाल्यावर फोन करतात, मग समोरच्याला राग येणारच ना.

क्राउडफंडिंग करणार असाल तर "खजिना", "रहस्य" असले शब्द टाळा, त्याने पैसे येतात तसे रात्री मेटल डिटेक्टर घेऊन येणारेही येतात. नेमकी जागा दाखवणारा नकाशाही टाकू नका, सर्व्हेचं चित्र टाका पण रस्ते, कोऑर्डिनेट काढून. आणि टप्पे सुरुवातीलाच जाहीर करा, म्हणजे एवढे जमले तर फक्त सर्व्हे, एवढे जमले तर एक छोटी चर आणि तिच्या तारखा, त्याहून जास्त आले तर दुसरी चर.