पावसाळ्यात जपा जायनुराची मखमल

जायनुरा या शोभेच्या वेलाच्या पानावर बोट फिरवलं की मखमलीवरून फिरवल्यासारखं वाटतं. हिरव्या पानावर दाट जांभळी लव, आणि कोवळा शेंडा तर निव्वळ जांभळा. मूळचा जावा बेटाकडचा हा वेल टांगत्या कुंडीतून छान खाली लोंबतो आणि एरवी फारशी चाकरी मागत नाही. पावसाळी दमट हवेत मात्र ही लवच त्याच्या मुळावर उठते. तिच्यात अडकलेला थेंब लवकर सुकत नाही, तिथे तपकिरी डाग पडतो आणि पान कुजू लागतं. तेव्हा कुंडी पागोळ्यांपासून आत घ्या. पानांवर फवारा मारायची हौस असेल तर ती दुसऱ्या झाडावर भागवा. इथे झारीचं तोंड पानांखाली घालून थेट मातीतच पाणी द्यायचं.

बोट पेरभर मातीत खुपसून पाहा. कोरडं लागलं तरच पाणी. वेलाने मान टाकली म्हणून लगेच तांब्या ओतू नका, कारण मुळं कुजली तरी तो तसाच मलूल दिसतो. बशीत साचलेलं पाणी काढून टाका. माती भुसभुशीत हवी: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू, थोडं गांडूळखत. खताचा मारा नको.

जागा भरपूर उजेडाची, पण दुपारचं ऊन टाळून. नवी पानं हिरवीच येऊ लागली, पेरं लांबली, की उजेड कमी पडतोय असं समजा.

शेंडे मात्र न चुकता खुडा, नाहीतर नुसत्या लांब दोऱ्या लोंबतात. खुडलेले ८ ते १० सेंटिमीटरचे शेंडे खालची पानं काढून ओलसर कोकोपीटमध्ये खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. दोन-तीन वर्षांनी जुना वेल बुंध्याशी उघडा पडतो. त्याला जगवत बसण्यात अर्थ नाही. मी एका कुंडीत चार-पाच कलमं लावून नवाच करतो.

नारिंगी फुलं दिसायला बरी, पण वास घाण. पहिल्या वर्षी मी उंदीर मेला असेल म्हणून कपाटामागे शोधत होतो! कळी दिसताच खुडा.

मावा कोवळ्या शेंड्यावर, तर पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात बसतो. थोडा असेल तर तेवढा शेंडाच कापून टाका. कीड मारायचा तेलकट फवारा टाळा, त्याने लव चिकटून बसते.