खिडकीसमोरचा चेहरा काळा येऊ नये म्हणून

मागे उजळ खिडकी किंवा आकाश असलं की कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात माणसाचा चेहरा हमखास काळवंडतो. कारण कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, दृश्याची सरासरी मध्यम राखाडी धरतो. उजेड जास्त दिसला की तो सगळाच फोटो गडद करतो.

आधी मोड डायल ऑटोवरून ‘पी’वर (प्रोग्राम) न्या, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑटोमध्ये एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) बदलताच येत नाही. मग +/− बटण दाबून +१ ठेवा. फोटो काढून चेहरा पाहा, कमी उजळ वाटला तर एकतृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवत +१⅔ पर्यंत जा. खिडकी पांढरी फटक होईल, ती होऊ द्या; चेहरा महत्त्वाचा. बाहेरचं दृश्यही हवं असेल तर कॉम्पेन्सेशन ० वर आणून फ्लॅश ‘सक्तीचा’ करा, म्हणजे विजेच्या चिन्हावर. ऑटो फ्लॅश अशा उजेडात बहुधा पेटतच नाही. माणूस दोन-अडीच मीटरच्या आत हवा, आणि झूम करू नका: झूम केल्यावर लेन्सचं छिद्र लहान होतं नि फ्लॅशची पोच घटते.

काळ्या पाषाणाच्या देवळात नेमकं उलटं होतं. दगड राखाडी, धुरकट येतो. तिथे −⅔ द्या. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅशला मनाईच आहे, तिथे आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) वाढवा आणि कॅमेरा स्थिर धरा.

स्क्रीनच्या उजळपणावर विसंबू नका, हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) पाहा. काम झाल्यावर कॉम्पेन्सेशन शून्यावर आणा. कित्येक कॅमेरे बंद केल्यावरही ते लक्षात ठेवतात.