पाण्यातले, मातीतले जड धातू काढताना या चुका टाळा

बोअरच्या पाण्यात तुरटी फिरवली, उकळलं, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण दाखवणारा) बुडवून पाहिला, की झालं, असं आपल्या खान्देशात सर्रास समजलं जातं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम असेल तर यातलं काहीच भरवशाचं नाही. उकळून जंतू मरतात. शिसं तसंच राहतं, उलट वाफ गेल्यावर पाण्यातलं त्याचं प्रमाण थोडं वाढतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३. एवढ्याने टीडीएसचा आकडा हलतसुद्धा नाही.

आरओ बरेचसे धातू अडवतो. पण अडवलेले धातू नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जातात, आणि तेच पाणी आपण परसातल्या मेथी-पालकाला घालतो! पालेभाज्या कॅडमियम चांगलंच शोषतात. धुऊन फक्त वरची धूळ जाते.

शिसं-कॅडमियम मातीतच अडकून राहावं म्हणून चुना टाकण्याचा सल्ला कोकणातल्या आम्लधर्मी जमिनीला ठीक आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा आधीच आठच्या आसपास असतो, तिथे चुन्याचे पैसे वाया. शिवाय षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) आणि आर्सेनिक अल्कधर्मी मातीत जास्त मोकळे होतात. क्रोमियमसाठी चांगलं कुजलेलं शेणखत बरं: सेंद्रिय पदार्थांमुळे त्याचं कमी विषारी, मातीला धरून राहणाऱ्या रूपात रूपांतर होतं. कारखान्याचा गाळ मात्र फुकट मिळाला तरी शेतात घेऊ नका.

क्रोम प्लेटिंगच्या पिवळ्या पाण्यात थेट चुना ओतला तर क्रोमियम तळाशी बसतच नाही. आधी पाणी आम्लधर्मी असतानाच हिराकस (फेरस सल्फेट) घालायचा, पिवळेपणा जाऊ द्यायचा, मग चुन्याने सामू साडेआठपर्यंत न्यायचा. ‘अजून थोडा टाकू’ म्हणत दहा-अकरावर नेलं, तर बसलेलं क्रोमियम पुन्हा विरघळू लागतं. तळाचा गाळ घातक कचऱ्यातच द्यायचा. नाल्यात सोडला, तर जळगावच्या बाजूचे नाले शेवटी गिरणा-वाघूरमार्गे तापीलाच मिळतात.

मोहरी, सूर्यफूल धातू शोषून घेतात, ती लावून माती साफ करता येते, पण त्याला वर्षानुवर्षं लागतात. ते पीक गुरांना घालू नका, कंपोस्टमध्ये नको, चुलीत तर मुळीच नको.

आणि भाऊ, हे सगळं तपासणीनंतर. मृदा आरोग्य पत्रिकेतल्या १२ घटकांत जस्त-तांबं असतं, शिसं-कॅडमियम नसतं. ते वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं. मातीचा नमुना गंजक्या किंवा जस्ताचा मुलामा असलेल्या खुरप्याने काढू नका, लाकडी किंवा प्लास्टिकचं वापरा. पाण्यासाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. तिच्या तळाशी थोडं आम्ल असू शकतं, ते धातू बाटलीला चिकटू नयेत म्हणून असतं. विसळून फेकू नका.