बोर्ड कुणाचाही लावा, वार्षिक पॅकेजचे पैसे तुमचे नसतात

जिम टाकायची म्हणून फोन करणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो, फ्रँचायझी घेऊ की स्वतःची काढू? मी दोन्ही करून बसलोय. 2018 पासून पुण्याच्या उपनगरात एका ब्रँडचा बोर्ड, आणि 2021 पासून त्याच भागात स्वतःच्या नावाने. मशिन्स कुठली घ्यायची वगैरे तुम्हाला कळत असेलच. मी जिथे आपटलो तेवढंच सांगतो.

ब्रँडवाल्यांनी प्री-सेल करायला लावला. मशिन्स यायच्या आधीच 9,000 चं वार्षिक पॅकेज 140 जणांनी घेतलं. 12 लाख 60 हजार! मी लगेच दोन जादा ट्रेडमिल घेतल्या, इंटिरियरवाल्याची बाकी मिटवली.

आता नीट बघा. 9,000 मध्ये तेव्हाचा 18 टक्के जीएसटी धरलेला, म्हणजे 1,373 सरकारचे. उरलेल्या 7,627 वर 7 टक्के रॉयल्टी, म्हणजे नाव वापरू देण्याबद्दल ब्रँडचा वाटा, 534. तीही नफ्यावर नाही, कलेक्शनवर, आणि पैसे आले त्याच महिन्यात. राहिले 7,093. भागिले बारा, 591. महिन्याला 591 रुपयांत त्या माणसाला एसी, ट्रेनर, आंघोळीचं गरम पाणी सगळं वर्षभर द्यायचं, आणि ते 591 मी आधीच ट्रेडमिलमध्ये घातलेले. ती कमाई नव्हती हो, 140 लोकांची उधारी होती. जूनचं भाडं आईच्या भिशीतून दिलं.

मग मार्च 2020. राज्यातल्या जिम थेट दसऱ्याला, 25 ऑक्टोबरला उघडल्या. मेंबरांनी मुदत वाढवून मागितली, बरोबरच होतं. ब्रँडने वाढवून द्यायचा मेल पाठवला, किमान रॉयल्टी मात्र सोडली नाही. बोर्ड त्यांचा, शिव्या मला.

म्हणून स्वतःची काढली की सुटलो, असं समजू नका. इथे केबल तुटली तरी तुम्हीच, जानेवारीची जाहिरातही तुम्हीच. ट्रेनर सोडून गेला की पीटीचे, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगचे, क्लायंट त्याच्या मागे जातात. माझे एका आठवड्यात अकरा गेले. आणि फ्रँचायझीत काहीच नव्हतं असंही नाही. मेंबर चार दिवस दिसला नाही की फोन करायचा, ही सवय तिथलीच. माझी निम्मी रिन्युअल्स त्या फोनवर चालतात.

'तीन महिन्यांत 500 मेंबर' शिकवणाऱ्या रील्सवाल्या गुरूंना पैसे देऊ नका. त्यापेक्षा एखाद्या जुन्या जिमच्या रिसेप्शनला महिनाभर फुकट बसा.

कागदांचं थोडक्यात. भाडेकराराचा लॉक-इन (जागा सोडता येत नाही तो काळ) आणि फ्रँचायझीची मुदत एकत्र संपेल असं बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमच्या फीवर जीएसटी 5 टक्के झालाय, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घ्यायची सोय, गेलं. मशिनवरचा आणि रॉयल्टीवरचा कर आता खर्चातच धरा. स्वतःची छोटी जिम असेल आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर सहसा नोंदणीच लागत नाही. सीएला विचारून घ्या.

घाबरू नका, चालते जिम. माझी चालतेय. वार्षिक फी आता वेगळ्या खात्यात जाते आणि दर एक तारखेला तिचा बारावा हिस्साच मी उचलतो. गेल्या महिन्यात लेग प्रेसचं बेअरिंग गेलं तेव्हा त्या खात्यात सव्वातीन लाख पडून होते. मी तीन आठवडे मशिनवर 'बंद आहे'ची पाटी लावून ठेवली.