दुधाळ गाईंच्या आहारात टॅनिनचा वापर

बाभळीच्या शेंगा आणि सुबाभळीचा पाला यांना तुरट चव देणारे टॅनिन खुराकात मिसळण्याआधी गव्हाणीत सध्या काय पडते आहे, ते पाहावे. लसूणघास आणि भुईमुगाची पेंड भरपूर असेल, तर त्यांतील बरीच प्रथिने कोटीपोटातील, म्हणजे गाईच्या जठराच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातील, सूक्ष्मजीव झपाट्याने फोडतात. त्यातून सुटलेला जास्तीचा अमोनिया रक्तात जातो, यकृतात त्याचा युरिया होतो आणि महागड्या पेंडीचा मोठा भाग मूत्रावाटे वाया जातो. टॅनिन कोटीपोटात, म्हणजे साधारण ६ ते ७ सामू (पीएच) असताना, प्रथिनांना बांधून ठेवते आणि चौथ्या कप्प्यातील तीव्र आम्लात त्यातील बराच भाग मोकळा सोडते, त्यामुळे ती पुढे लहान आतड्यात पचू शकतात. ज्या गाईला निव्वळ कडबा आणि मूठभर पेंड मिळते, तिला मात्र टॅनिन देऊच नये, कारण तिच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीवांनाच नत्र अपुरे असते आणि चाऱ्याचे पचन आणखी मंदावते. खुराकातील युरियाला टॅनिन बांधत नाही, हेही ध्यानात असावे.

मात्रा शुष्क भागावर, म्हणजे चारा-खुराकातील पाणी वगळून उरणाऱ्या वजनावर, काढावी. रोज १२ किलो शुष्क भाग खाणाऱ्या गाईसाठी १ टक्का म्हणजे १२० ग्रॅम टॅनिन. टॅनिनच्या भुकटीच्या पिशवीवर ७० टक्के टॅनिन लिहिले असेल, तर भुकटी सुमारे १७० ग्रॅम लागेल. पहिल्या आठवड्यात याच्या चौथाईनेच सुरुवात करावी आणि पूर्ण मात्रेला तीन आठवडे घ्यावेत. भुकटी आधी ओंजळभर मक्याच्या भरड्यात नीट कालवून मगच आंबोणात मिसळावी. गोळे राहिले तर गाय तोंड फिरवते. एकूण टॅनिन ५ टक्क्यांच्या वर गेल्यास खाणे आणि पचन दोन्ही घटतात, म्हणून पाला आणि शेंगांतून येणारे टॅनिनही हिशेबात धरावे. झाडागणिक आणि हंगामागणिक ते बदलत असल्याने शेंगा देताना हात आखडताच ठेवावा. त्या भरडूनच द्याव्यात, कारण कठीण बिया अख्ख्याच शेणात पडतात. सुबाभळीत मिमोसिन हा वेगळा विषारी घटक असतो, त्यामुळे केवळ टॅनिनसाठी तिचा पाला वाढवू नये.

रोज गव्हाणीतील उष्टे, रवंथ आणि शेण पाहावे. उष्टे वाढले किंवा शेण कडक होऊ लागले, की मात्रा निम्मी करावी. तरीही फरक पडला नाही, तर टॅनिन बंद करून पशुवैद्यकांना दाखवावे. सारे सुरळीत असेल आणि डेअरीत दुधातील युरियाची तपासणी होत असेल, तर तो आकडा उतरल्यावर पेंड थोडी कमी करून दूध टिकते का ते पाहावे. माझ्या मते टॅनिनचा खरा लाभ दुधाच्या वाढीपेक्षा या बचतीतच आहे.