उडनाडट्टा ट्रॅक: ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये गाडीने कसं जावं, कुठे राहावं

आउटबॅक म्हणजे ऑस्ट्रेलियाचा विरळ वस्तीचा, कोरडा अंतर्भाग. दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यातल्या मरीपासून मार्लापर्यंत जाणारा हा कच्चा रस्ता सुमारे ६२० किलोमीटरचा आहे. आपला समृद्धी महामार्ग ७०१. अंतरात फार फरक नाही, पण इथे वाटेत इंधन मिळतं ते फक्त विल्यम क्रीक आणि उडनाडट्टा या दोन ठिकाणी. त्यामुळे बेत आखताना किलोमीटर नाही, टाकी आणि पाणी मोजायचं.

१. महिना ठरवा. मे ते ऑगस्ट. आपली मे महिन्याची सुट्टी इथे चपखल बसते, दिवाळीची नाही. तेव्हा तिथे उन्हाळा सुरू होत असतो. उडनाडट्टात २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमानाची नोंद झाली आहे. हिवाळ्यातल्या रात्री मात्र कडाक्याच्या असतात, स्वेटर-कानटोपी घ्याच.

२. गाडी घेताना करार वाचा. भाड्याच्या साध्या गाड्या कच्च्या रस्त्यावर न्यायला बहुतेक करारांत मनाई असते. नेलीत तर विमा गेला. फोर बाय फोर घ्या, शक्यतो दोन स्टेपनी मागून घ्या. कच्चा रस्ता लागला की चाकांतली हवा थोडी कमी करा आणि डांबरी लागताच पुन्हा भरा, म्हणजे हवा भरायचा छोटा पंपही हवा. आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं, एवढी एक सोय.

३. पाणी आणि शिधा भरा. माणशी दिवसाला किमान पाच लिटर, शिवाय दोन-तीन दिवसांचं जास्तीचं. सगळं एकाच कॅनमध्ये नको, तो फुटला की संपलं. शाकाहारी असाल तर रोडहाउसवर (इंधन आणि खाणं मिळणारा वाटेवरचा थांबा) बऱ्याचदा चिप्सवरच भागवावं लागेल. छोटा स्टोव्ह, तांदूळ, डाळ मोठ्या शहरातूनच घेऊन निघा. भारतातून नेलेला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावरच्या कार्डावर लिहा. लाडूसुद्धा. लपवलं तर दंड जबर असतो.

४. रस्ता उघडा आहे का, रोज सकाळी विचारा. थोड्या पावसानेही माती चिकट होते. काळ्या रानात बैलगाडी रुतते तशी गाडी रुतते. राज्य सरकार आउटबॅकमधल्या रस्त्यांची स्थिती ऑनलाइन देतं, रोडहाउसवरही कळतं. रस्ता बंद असेल तर थांबा. म्हणूनच दोन दिवस मोकळे ठेवायचे. परतीचं तिकीट अगदी काठावर असेल तर या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

५. अंधारात चालवू नका. तिन्हीसांजेला कांगारू आणि गुरं रस्त्यावर येतात. इथल्या गुरांच्या कुरणांना कुंपण असेलच असं नाही.

६. गाडी बंद पडली तर तिच्याजवळच बसा. सगळ्यात महत्त्वाचं हेच. मरी सोडलं की बहुतेक वाटेवर मोबाइलला रेंज नसते, म्हणून सॅटेलाइट फोन किंवा आणीबाणीचा बीकन सोबत हवा, भाड्यानेही मिळतो. बीकनचं बटण दाबल्यावर उपग्रहामार्फत शोधपथकाला तुमची जागा कळते. विमानातून गाडी दिसते, झुडपांत चालणारा माणूस दिसत नाही. ‘समोरच्या टेकडीपलीकडे काहीतरी असेल’ म्हणून चालायला लागलेले लोक इथे मेले आहेत. निघण्याआधी कुणाला तरी मार्ग आणि पोचायचा दिवस सांगून ठेवा, आणि पोचल्यावर कळवायला विसरू नका.

७. मुक्काम. पहिली रात्र कावर्ड स्प्रिंग्जला काढावी. खजुराची झाडं, तंबूची जागा आणि भूगर्भातून येणाऱ्या कोमट पाण्याचं कुंड. शेजारून जुन्या घान रेल्वेची वाट गेली आहे. ती १९८० मध्ये बंद झाली. रेल्वेआधी या वाळवंटात माल वाहिला तो उंटांनी. १८६६ मध्ये उंटांचा मोठा तांडा आणि उंटवाले कराचीहून जहाजाने इथे आले. त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची होते, सिंधी-पंजाबीही होते.

विल्यम क्रीकला जेमतेम दहा-पंधरा माणसांची वस्ती, पण हॉटेल आहे. कटि थंडा–लेक आयर सरोवर आकाशातून बघायची छोटी विमानं इथून उडतात. सरोवराचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे १५ मीटर खाली आहे आणि बहुतेक वर्षं तो कोरडाच असतो.

तिथून ट्रॅक सोडून बाजूला १६६ किलोमीटरवर कूबर पेडी. १९१५ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला इथे ओपल हे रत्न सापडलं आणि गाव वसलं. लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात, बाहेर काहीही असो, आत २३ ते २५ अंश. तशाच एखाद्या हॉटेलात एक रात्र काढा. गावाबाहेर मात्र खाणींची उघडी विवरं आहेत, तेव्हा फोटो काढताना मागे मागे सरकू नका.